सत्तावीस नंबर कुठे वाजतो

"पडलो नाहीये मी. वाचतोय."

पक्ष्यांच्या दाण्यांच्या रांगेत पालथ्या पडलेल्या माणसानं मान न वळवता उत्तर दिलं. त्याचा एक गाल फरशीला चिकटला होता, एक डोळा मिटलेला होता, आणि उघड्या डोळ्यानं तो दोन फरश्यांमधल्या फटीकडे असा बघत होता की जणू तिथून कुणीतरी बाहेर येणार आहे.

व्होंडा त्याच्या डोक्याशी उभी राहिली. त्रेसष्ट वर्षांची, लाल अ‍ॅप्रन, छातीवर नावाची पट्टी. तिला मॅनेजरनं पाठवलं होतं. टायसन हा मॅनेजर एकोणतीस वर्षांचा होता आणि कानातल्या यंत्रातून बोलायचा. "व्होंडा, चार नंबरच्या रांगेत एक माणूस आडवा आहे. जिवंत असला तर बाहेर काढ."

"आणि नसला तर?"

"तर मला सांग. त्याचा फॉर्म वेगळा आहे."

माणूस जिवंत होता. त्याच्या शेजारी घडीच्या स्टुलावर एक बाई वही घेऊन बसली होती.

"ऊठ रे मर्व्ह," बाई म्हणाली. "दुकानातल्या बाई आल्यात. त्यांना वाटेल आपण वेडे आहोत."

"मग? नाही आहोत?"

"आहोत, पण पहिल्याच भेटीत कशाला सांगायचं?"

दोघं भाऊबहीण निघाले. मर्व्हनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, ट्रूडी एका दवाखान्यात कागदपत्रं बघायची. दोघंही निवृत्त होते. अशा वयात लोक गोल्फ खेळतात, बाग करतात, शेजाऱ्यांशी भांडतात. हे दोघं ओहायोभर फिरून मालक बदललेल्या दुकानांत शिरायचे आणि कोणत्या जागी पूर्वी काय होतं ते ओळखायचे. बक्षीस काही नव्हतं. ओळखलेलं बरोबर आहे की चूक, हे सांगायलाही बहुतेक दुकानांत कुणी शिल्लक नसायचं.

"मी आहे," व्होंडा म्हणाली. "हे कॅस्लर्स होतं तेव्हापासून मी इथे आहे. मग मेगा-डील झालं, आता हे."

आताच्या दुकानाचं नाव 'हे अँड हाउंड' होतं, म्हणजे गवत आणि कुत्रा, आणि तिथे मुख्यतः गवत आणि कुत्र्यांचं सामान मिळायचं. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलं नव्हतं.

मर्व्ह उठून बसला. वीस वर्षं विहिरीत हाका मारणाऱ्या माणसाला खालून 'ओ' आल्यावर होईल तसा त्याचा चेहरा झाला होता.

"मांजरांची वाळू ठेवलीय तिथे," तो घाईनं म्हणाला, "चपला-बूट होते. खांबाला घोट्याच्या उंचीवर आरशाचा डिंक आहे."

"होते."

"घोड्यांच्या खोगिरांच्या जागी खाण्याचा कट्टा. छताला धुराड्याचं भोक बुजवलंय."

"मिरचीवाले हॉट डॉग मिळायचे. वाईट होते."

"लिही, ट्रूडी. वाईट होते." त्यानं गुडघे झटकले. "आणि हा कोपरा मात्र मला समजत नाही."

"हा माशांचा विभाग होता," व्होंडा म्हणाली. "शोभेचे मासे. काचेच्या बेचाळीस पेट्या होत्या."

मर्व्हनं फरशीकडे पाहिलं, मग छताकडे, मग अतिशय अवघडल्यासारखं तिच्याकडे.

"नाही, मॅम."

"नाही काय? माझा नवरा होता तिथे. अकरा वर्षं."

"तुमच्या यजमानांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बेचाळीस पेट्या म्हणजे पाणी आलं, पाणी आलं की जमिनीत गटार आलं. इथे गटार नाही. कधीच नव्हतं."

व्होंडानं घड्याळ पाहिलं. दहा अडतीस झाले होते. "मला दोन मिनिटांनी एक फोन करायचाय," ती म्हणाली आणि आपल्या काउंटरवर निघून गेली. या विषयावर कुणा बसवाल्याशी वाद घालायची तिची इच्छा नव्हती.

काही वेळानं मर्व्ह रांगेतून धावत आला. मागून ट्रूडी, एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात वही.

"मॅम! भिंतीत फोन वाजतोय!"

"माहीत आहे," रिसीव्हर कानाला लावून व्होंडा म्हणाली. "मीच करतेय."

*

सत्तावीस हा लाइलचा नंबर होता.

लाइल माशांचा माणूस होता. कॅस्लर्समध्ये नियम असा होता की विकत नेलेला मासा आठ दिवसांत मेला तर पावतीसकट परत आणायचा, दुसरा मिळेल. लोक पाकिटांतून, डब्यांतून, एकदा तर चष्म्याच्या पेटीतून मेलेले मासे घेऊन यायचे. लाइल टोपी काढायचा, दोन क्षण गप्प राहायचा आणि मग रजिस्टर उघडायचा. त्यात त्यानं स्वतःच्या हातानं दोन जादा रकाने आखले होते. एक 'मृत्यूचं कारण' आणि दुसरा 'अखेरचे शब्द'. कंपनीचा तपासनीस आला तेव्हा त्यानं ते रजिस्टर अर्धा तास वाचलं आणि सही करून निघून गेला.

माशांच्या विभागातल्या खांबावर भिंतीचा फोन होता. व्होंडा तेव्हाही ग्राहकसेवेच्या काउंटरवरच असायची. लाइल दिवसातून वीसेकदा फोन करायचा.

"ग्राहकसेवा."

"तो निळा आहे ना, सकाळपासून सगळ्यांकडे पाठ करून बसलाय. तू काही बोललीस का त्याला?"

"लाइल, माझ्यापुढे रांग आहे."

"नाही, तो म्हणाला नाही कोण बोललं ते. मी आपलं विचारलं."

मग एक दिवस, फेब्रुवारीत, सकाळी दहा चाळीसला फोन वाजला. व्होंडापुढे एक बाई विजेचं ब्लँकेट घेऊन उभी होती. ते फक्त नवऱ्याची बाजू गरम करतं अशी तिची तक्रार होती, आणि तिचा आवाज खाण्याच्या कट्ट्यापर्यंत जात होता. फोनवरचा सत्तावीसचा दिवा लागलेला बघून व्होंडानं रिसीव्हर उचलला, "लाइल, थांब जरा" म्हणाली आणि होल्डचं बटण दाबलं. तो काही बोलला का, ते तिनं ऐकलंच नाही.

ब्लँकेटचं सहा मिनिटं चाललं. सहा मिनिटं लाल दिवा लुकलुकत होता. मग तिनं होल्ड काढला. पलीकडून पेट्यांमधल्या हवेच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. फक्त तोच.

"काय रे," ती म्हणाली होती, "आज मासाच बोलणार आहे का?"

डॉक्टर म्हणाले, सहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात. व्होंडा सहा आठवडे घरी होती. तेवढ्यात कॅस्लर्सच बुडालं. वर्षभरानं तीच इमारत नव्या नावानं उघडली. दरवाजा दुसऱ्या बाजूला, रंग वेगळे, मधल्या भिंती वेगळ्या आणि जागा मूळच्या दोन तृतीयांश. उरलेला भाग कुठल्या बाजूनं कापला ते तिनं विचारलं नाही. पोट भरायला काम हवं होतं आणि तिला काउंटरचं काम येत होतं, इतकंच.

पण दुकानातले सगळे फोन एकमेकांना जोडणारी ऑफिसातली जुनी पेटी कुणी बदलली नव्हती. आठवड्याभरात चुकून तिचं बोट सत्तावीसवर पडलं आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आत, बारीक घंटी वाजायला लागली.

तेव्हापासून दर कामाच्या दिवशी, दहा चाळीसला, नऊ घंट्या. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं त्या कोपऱ्यात उभं राहायचं. लाइल मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात असायचा आणि फोन मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात वाजत होता. आणखी काय पुरावा हवा? दुकानात नवीन लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत, झाडू तिकडे, चहा-कॉफी इकडे, आणि भिंतीत वाजतं ते व्होंडाचं आहे.

यातलं तिनं मर्व्ह-ट्रूडीला सगळं सांगितलं असं नाही. पण होल्डचं सांगितलं. ते तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बहिणीलाही नाही. परक्या माणसांना सांगणं सोपं असतं, त्यातून त्यांतला एक फरशीवर झोपणारा असला तर फारच.

ट्रूडीनं वही मिटली.

"परवा, गुरुवारी, नवीन फोन बसवतायत," व्होंडा म्हणाली. "टायसननं सांगितलंय. जुनी पेटी काढून टाकणार. मग सत्तावीस नाही." तिनं काउंटरवरचा नसलेला कचरा पुसला. "वीस वर्षं मी या बाजूनं फोन करतेय. ते जायच्या आधी एकदा त्याच्या बाजूला उभं राहायचंय मला, वाजत असताना. पण तो कोपरा त्याचा नाही म्हणता तुम्ही."

"नाही म्हणतोय," मर्व्ह हळूच म्हणाला. "पण कुठला त्याचा, ते शोधता येईल."

*

त्यानं आधी शिडी मागितली. टायसननं शिडी वापरण्याचा फॉर्म भरून घेतला आणि मग उत्सुकतेपोटी शिडी स्वतःच धरली. दाण्यांच्या वर, भिंतीत, हवेची जाळी होती. मर्व्हनं तिच्यात तोंड घालून "हो" असं म्हटलं. ते "हो" आत लांबपर्यंत गेलं.

"नव्या भिंतीमागे जुनी भिंत आहे. मधे हातभर पोकळी," तो वरून म्हणाला. "ती शेवटपर्यंत जाते. आवाज इथून येत नाहीये, इथून फक्त बाहेर पडतोय."

मग त्यानं कोपऱ्यातल्या खांबाचा रंग नाण्यानं खरवडला. आत ठशानं उमटवलेला आकडा होता, सहा.

"बांधताना खांबांना नंबर घालतात," ट्रूडीनं समजावलं. "बाहेरून आम्ही मोजलेत. या इमारतीत मागच्या ओळीला नऊ खांब आहेत."

"म्हणजे हा कोपरा नाहीच," मर्व्ह म्हणाला. "हा मधलाच खांब. खरा कोपरा अजून तीन खांब पुढे. नव्वद फूट."

व्होंडानं भिंतीकडे पाहिलं. "आणि मी उभी राहते तिथे काय होतं?"

मर्व्हनं फरशीवरच्या स्क्रूच्या भोकांकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं तर तो बोलला असता, पण एकतीस वर्षं मुलांना वेळेवर सोडणाऱ्या माणसाला ती सवय नसते.

"फिरते स्टँड. बहुतेक मोजे."

वीस वर्षं, दररोज पाच मिनिटं, व्होंडानं मोज्यांपुढे शोक केला होता. ती हसली. टायसनला काय करावं कळेना, म्हणून त्यानं शिडी आणखी घट्ट धरली.

नव्वद फुटांवर, भिंतीच्या पलीकडे, व्यायामशाळा होती.

व्होंडाची कामाची वेळ संपल्यावर तिघं बाहेरून वळसा घालून तिथे गेले. काउंटरवर ब्रॉक नावाचा तरुण होता. त्याचे दंड इतके मोठे होते की त्याला टाळी वाजवता येत असेल का, असा प्रश्न पडावा. मर्व्ह खांब मोजत आत शिरला. सात, आठ. नववा दिसेना. जिथे नववा असायला हवा तिथे दार होतं आणि दारावर 'पुरुष' असं लिहिलं होतं.

"आत काय आहे?" मर्व्हनं विचारलं.

"पुरुष," ब्रॉक म्हणाला.

"नाही रे बाबा. तसं नाही. शेवटच्या भिंतीला काय आहे?"

"शॉवर."

मर्व्हनं ट्रूडीकडे पाहिलं. ट्रूडीनं पेनाचं टोपण काढलं.

"गटाराची नळी हलवायची तर जमीन फोडावी लागते," मर्व्ह व्होंडाला म्हणाला. "कुणी फोडत नाही. एकदा जिथे पाणी, तिथे पुढचे सगळे मालक पाणीच ठेवतात. बेचाळीस पेट्यांचं पाणी तिथे जायचं."

व्होंडाचं लक्ष नव्हतं. ती 'पुरुष'च्या दाराशेजारची पाटी वाचत होती. 'शॉवरमध्ये फोन नेऊ नयेत. पुन्हा सांगतो.'

"ही कशासाठी?" तिनं विचारलं.

"अहो, कटकट आहे ती," ब्रॉक म्हणाला. "रोज सकाळी कुणाचा तरी फोन वाजतो आत. जुनाट घंटी. पिशव्या तपासल्या, कपाटं तपासली. सकाळी आजोबालोक येतात ना, ते कबूलच करत नाहीत. एकानं तर परवा शाम्पूची बाटली कानाला लावून 'हॅलो' म्हटलं."

"किती वाजता वाजतो?"

"पावणेअकराच्या जरा आधी. नऊ घंट्या. आम्ही मोजल्यात."

व्होंडानं काउंटरची कड धरली. "कबूल करते," ती म्हणाली. "माझा आहे."

*

ब्रॉकला समजवायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली वीस मर्व्हनं खांबांबद्दल बोलण्यात घालवली. शेवटी ट्रूडी पुढे झाली. "हे बघ बाळा, हिचा नवरा तिथे गेला. तुमच्या शॉवरमध्ये. तेव्हा तिथे मासे होते."

ब्रॉकनं दंडावरून हात फिरवला. "गुरुवारी सकाळी सफाई काढतो मी," तो म्हणाला. "तशी सोमवारी असते. पण काढतो."

गुरुवारी दहा वाजता फोनवाला आला. ट्रूडी व्होंडाच्या काउंटरवर बसली. टायसननं तिला तात्पुरतं लाल अ‍ॅप्रन दिलं आणि कोणताही फॉर्म भरायला सांगितला नाही, हे त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडलं. दहा चाळीसला तिनं सत्तावीस फिरवायचा आणि यावेळी नऊवर थांबायचं नाही, असं ठरलं होतं. फोनवाला वायर ओढेल तोवर वाजू द्यायचं.

पलीकडे ब्रॉकनं 'पुरुष'च्या दारात पिवळी पाटी लावली आणि आत ओरडला, "सफाई! सगळ्यांनी बाहेर!" चार म्हातारे कमरेला टॉवेल गुंडाळून, ठिबकत बाहेर आले.

"आज गुरुवार आहे," एक म्हणाला.

"माझ्या डोक्याला अजून साबण आहे," दुसरा म्हणाला.

"गप्प उभे राहा," ब्रॉक म्हणाला. मग त्यानं त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. चौघांनी व्होंडाकडे पाहिलं आणि टॉवेल जरा वर ओढून घेतले.

व्होंडा आत गेली. एकटीच.

पाच शॉवर होते. शेवटच्याचा पडदा ओला होता. तो बाजूला सारून ती आत उभी राहिली, अंगात अ‍ॅप्रन, पायात कामाचे बूट. पांढऱ्या टाइल्स. कोपऱ्यात नववा खांब, त्यालाही टाइल्स मारलेल्या. पायाखाली गटाराची गोल जाळी होती. तिच्यात कुठलंसं पाणी अजून उतरत होतं, आणि त्याचा बुडबुड आवाज येत होता.

तो आवाज तिनं शेवटचा त्या दिवशी, रिसीव्हरमधून ऐकला होता. बाकी तिला काही ओळखू आलं नाही. तिला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. वास साबणाचा होता. कठड्यावर कुणाची तरी कवळीची डबी राहिली होती.

मग खांबात घंटी वाजली.

ती दचकलीच. दाण्यांच्या जाळीतून यायचा तो आवाज बारीक, मच्छरासारखा होता. हा मोठा होता, दणदणीत होता, टाइल्स थरथरवत होता. छातीच्या उंचीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. तिनं हात लांब केला. तळव्याखाली घंटी थडथडत होती. पाच, सहा. उचलायला काही नव्हतं. त्याच्या बाजूनं हे असं होतं तर. दहा, अकरा. इथून तिच्या काउंटरपर्यंत हाक गेली नसती, ते तिला आत्ता कळलं. फोन हीच हाक होती.

"हं," ती टाइल्सना म्हणाली. "बोल. कुणी नाहीये माझ्यापुढे."

घंटी वाजत राहिली. तिनं कपाळ टेकवलं आणि ऐकलं, सगळं, मधे न बोलता. बावीस. तेवीस. चोविसावी अर्ध्यावर थांबली.

टाइल्स गार होत्या. ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, सहा मिनिटं असतील, बाहेरच्यांनी मोजली नाहीत. मग तिनं पडदा होता तसा सारखा केला.

दारात ब्रॉकनं पिवळी पाटी उचलून बाजूला धरली. चौघं म्हातारे तसेच भिंतीला पाठ लावून ओळीत उभे होते, पायाशी पाण्याची चार थारोळी. डोक्याला साबण लागलेल्याचा साबण वाळून पांढरा झाला होता. कुणीतरी व्यायामशाळेतलं गाणं बंद केलं होतं.

"फरशी ओली आहे, मॅम," पहिला म्हणाला, आणि एका हातानं टॉवेल सांभाळत त्यानं दुसऱ्या हाताचा कोपर पुढे केला.

व्होंडानं तो धरला. दोघं सावकाश ओळीपुढून चालत गेले. शेवटचा म्हातारा सर्वांत थकलेला होता. कानातलं यंत्र भिजू नये म्हणून त्यानं डोक्यावर प्लॅस्टिकची फुलाफुलांची टोपी चढवली होती. व्होंडा समोर आली तशी त्यानं ती दोन्ही हातांनी काढली आणि छातीशी धरली.